माहिती प्रणालीतलं संशोधन: प्रश्नावली तीच, सॉफ्टवेअर नवं?

खडूफळा: या महिन्यात यूपीआयवरची चौथी प्रश्नावली व्हॉट्सॲपवर आली. ‘यूपीआयमुळे माझी कामं लवकर उरकतात’, १ ते ५ पैकी निवडा. या वाक्याचं मूळ फ्रेड डेव्हिसच्या, लोक तंत्रज्ञान का स्वीकारतात यावरच्या १९८९च्या पेपरात. तिथे आयबीएमच्या टोरंटोतल्या ११२ जणांना ऑफिसातल्या ई-मेलबद्दल आणि फाइल एडिटरबद्दल विचारलं होतं, म्हणजे ‘काम’ हे नोकरीतलं काम. आपण ते उचलून भाजीवाल्याच्या क्यूआर कोडला चिकटवलं. इतक्या वर्षांत बदललं काय? आकडेमोडीचं सॉफ्टवेअर: एसपीएसएस गेलं, स्मार्टपीएलएस आलं. बस्स.

निरंजना_७१: असहमत. ऑर्लिकोव्स्की आणि बारूदी या संशोधकांनी या विषयातले १९८३ ते ८८ मधले १५५ पेपर तपासले, तर जवळजवळ ९७ टक्के एकाच प्रत्यक्षार्थवादी (मोजा आणि गृहीतक तपासा) साच्यातले निघाले. पुढे १९९९ मध्ये क्लाइन आणि मायर्स यांनी अर्थ उलगडणारा क्षेत्राभ्यास कसा जोखायचा ते मांडलं. २००४ मध्ये हेव्नर आणि सहकाऱ्यांमुळे प्रणाली घडवून तपासणं हेही रीतसर संशोधन ठरलं. हा बदल नव्हे?

खडूफळा: जर्नलात झाला हो. गाइडच्या केबिनपर्यंत कुठे पोचला? मी म्हटलं, बारा दुकानांत बसून नोंदी घेते. उत्तर आलं, “बाराने काय होतंय? तीनशे आणा.” मग मीही फॉर्मच फिरवला. (हो, मीसुद्धा त्यातलीच.) चाळीसेक जणांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत ४ टिकवलेत.

कांदेपोहे: यात प्रश्नावलीचा काय दोष? चमचा तोच ठेवला तरच मीठ किती पडलं ते कळतं. २००३ मध्ये वेंकटेश आणि मंडळींनी तंत्रज्ञान-स्वीकाराची आठ मॉडेलं एकाच माहितीवर शेजारी-शेजारी तपासून एक केलं. प्रत्येकाने आपापल्या दुकानातल्या गोष्टी लिहिल्या असत्या तर तुलना कशाची करणार होतात?

निरंजना_७१: चमचा तोच, पण इथे भांडंच बदललंय. ऑफिसात साहेब म्हणाले म्हणून सिस्टिम वापरणं वेगळं आणि गिऱ्हाईक सुटे देत नाही म्हणून क्यूआर लावणं वेगळं. रच्याकने, खडूफळा, एखादा उलटा प्रश्न (‘यूपीआयमुळे कामं रखडतात’ असा) घातला होतास का? ४-४-४ वाले तिथेच सापडतात.

खडूफळा: घातला होता. त्याने अल्फा (प्रश्न एकमेकांशी किती जुळतात त्याचा आकडा) ०.७च्या नेहमीच्या मर्यादेखाली गेला, म्हणून गाइडने तो प्रश्नच काढायला लावला.