मदत हवी आहे: सोसायटीच्या सर्व्हरवर रॅन्समवेअर (फाईली लॉक करून खंडणी मागणारा प्रोग्राम) आलंय, सकाळी फॉरमॅट मारायला माणूस येतोय, त्याआधी कुणाला बोलवू?

शुक्रवार, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी, जरा घाईत लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या. मी खानापूर तालुक्यातल्या एका सौहार्द सोसायटीत (सहकारी पतसंस्थेत) अकौंट्स बघतो आणि कॉम्प्युटरचं जे काय असेल ते पण माझ्याच गळ्यात असतं. आज साडेआठला पिग्मी (रोजच्या छोट्या बचतीचे पैसे) गोळा करणारे एजंट मशीन घेऊन कलेक्शन उतरवायला आले तर सॉफ्टवेअर उघडेचना, आत जाऊन सर्व्हरवर बघतोय तर प्रत्येक फाईलच्या नावापुढं कसलंतरी सात-आठ अक्षरांचं शेपूट लागलंय आणि डेस्कटॉपवर एक टेक्स्ट फाईल, तुमचा डेटा लॉक केलाय, बहात्तर तासांत या पत्त्यावर बोला नाहीतर सगळं बाहेर टाकू. माझे हातपायच गार पडले.

तीन शाखा आहेत, सगळ्या ह्याच सर्व्हरवर. ठेवीदार म्हणजे काजूवाले, ऊस लावणारे, रोज पन्नास-शंभर रुपये पिग्मी भरणाऱ्या भाजीवाल्या मावश्या. त्यांचा हिशेब त्या डब्यात आहे.

मी एक केलं, सर्व्हरची लॅनची वायर उपसली आणि बाकीच्या दोन्ही शाखांना फोन करून मशिनी नेटवरून काढायला सांगितल्या. बंद काहीच केलं नाही. चेअरमन म्हणतात सकाळी सॉफ्टवेअरवाल्यांचा पोरगा येईल, फॉरमॅट मारून नवीन टाकून देईल, दहाला काउंटर उघडलंच पाहिजे, बाहेर कळलं तर लोक रांग लावतील. त्यांचं काळजीपोटीच चाललंय, पण फॉरमॅट मारला तर गेलेलं परत कधीच मिळणार नाही असं मला वाटतंय. आणि बाहेर पाऊस आहे, लाईट ये-जा करतेय, यूपीएस अर्धा तास टिकला तर टिकला.

पहिला फोन कुणाला करू? इतक्या रात्री येऊ शकेल असा जाणता माणूस बेळगाव, कोल्हापूर, हुबळी कुठंही आहे का? पैसे द्यावे लागले तर संचालकांना मनवतो, फक्त योग्य माणूस सांगा की.

निपाणीचा_नेटवर्कवाला, रात्री १०.५२

वायर काढलीस आणि मशीन बंद केलं नाहीस हे लाख मोलाचं काम केलंस भावा. आता ते तसंच चालू राहू दे, रीस्टार्ट तर अजिबात नको. मेमरीत त्या प्रोग्रामचे माग असतात, कधी कधी फाईली उघडायच्या किल्लीचा तुकडासुद्धा सापडतो, लाईट गेली की ते सगळं पुसलं. फक्त हार्डडिस्कचा दिवा बघ, धडाधड लुकलुकत असेल तर अजून फाईली लॉक होतायत, तसं असेल तर मात्र सरळ बंद कर, उरलंय ते तरी वाचेल. शांत असेल तर शेजारीपाजारी जनरेटर आहे का बघ.

बॅकअपची हार्डडिस्क असेल तर आत्ता काय होतंय बघूया म्हणून कुठल्याच मशीनला लावू नकोस. आमच्याकडच्या एका कारखान्यात ह्याच घाईनं बॅकअप पण लॉक झाला होता, दोन वर्षांचा तंबाखूचा हिशेब गेला.

शहापूर_बेळगाव, रात्री ११.०५

बँकेचं आधी बघा साहेब. सोसायटीचं ज्या बँकेत खातं आहे तिथलं नेटबँकिंग त्या सर्व्हरवरून किंवा त्याच ऑफिसातल्या मशीनवरून वापरता ना? मग बँकेच्या चोवीस तास चालणाऱ्या नंबरला फोन करून आत्ता रात्रीच थांबवायला सांगा. स्वतःच्या मोबाईलवरून, ऑफिसच्या वायफायवरून नाही. एक रुपया जरी बाहेर गेलेला दिसला तर १९३० ला लगेच फोन, पैसे वाटेतच अडवायला तोच नंबर. पैसे गेले नसतील तरी सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार टाका आणि सकाळी सीईएन ठाण्यात जा, सायबरचे गुन्हे तिथंच बघतात. अर्ज कन्नडमध्ये लिहून नेलात तर काम लवकर पुढं सरकतं हा माझा अनुभव.

पुण्यातली_बेळगावकर, रात्री ११.२०

दादा, मी हेच काम करते, इन्सिडंट रिस्पॉन्सचं, म्हणजे असा हल्ला झाल्यावर निस्तरायचं, माहेर टिळकवाडीचं. नीट वाचा.

सर्ट-इन ला कळवा, आत्ता. सायबर हल्ल्यांचं बघणारी केंद्र सरकारची संस्था आहे, चोवीस तास हेल्पडेस्क असतो, टोल फ्री १८००-११-४९४९, मेल इन्सिडेंट अ‍ॅट सर्ट-इन डॉट ओआरजी डॉट इन. २८ एप्रिल २०२२ च्या त्यांच्या आदेशाप्रमाणे असा प्रकार लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायचं असतं, म्हणजे तुमची मुदत रात्री अडीचपर्यंत. सगळी माहिती हातात नसली तरी चालतं, आहे तेवढी पाठवा, बाकीची मागून द्या. ते शक्यतो फोन-मेलवरूनच सांगतात, गाडी घेऊन तुमच्या दारात कुणी येईल अशी वाट बघू नका. प्रत्यक्ष येणारी माणसं खाजगी. सर्ट-इनच्या साईटवर त्यांनी मान्यता दिलेल्या कंपन्यांची यादी आहे, पण ती ऑडिटसाठीची यादी, त्यातले सगळेच रात्रीबेरात्री धावून येणारे नसतात. फोन केल्यावर पहिला प्रश्न हाच विचारा, इन्सिडंट रिस्पॉन्स करता का, माणूस किती तासांत पोचेल, मेमरी आणि डिस्कची कॉपी घेणार का, आणि शेवटी लेखी रिपोर्ट देणार का. जो फोनवरच शंभर टक्के डेटा काढून देतो म्हणेल त्याच्या नादी लागू नका, त्यातले काही जण गुपचूप खंडणीच भरतात आणि वर आपली फी लावतात.

आता तुमच्या चेअरमन काकांचं. त्यांना सांगा काउंटर पण उघडेल आणि डेटा पण राहील. सर्व्हरमधली डिस्क काढून ठेवायची आणि नव्या डिस्कवर नवीन विंडोज टाकायचं. फॉरमॅट मारायची गरजच काय! नवी डिस्क काही हजारांत मिळते. जुनी डिस्क पाकिटात घाला, सिरीयल नंबर, तारीख, वेळ लिहा, दोघांच्या सह्या घ्या, तिजोरीत ठेवा. आज ज्या फाईली सुटत नाहीत त्यांची चावी काही महिन्यांनी पोलिसांच्या हाती लागून फुकट मिळालेली मी स्वतः बघितलीय. नो मोअर रॅन्सम नावाची साईट आहे, २०१६ मध्ये युरोपोल आणि डच पोलीस वगैरेंनी मिळून काढलेली, तिथं ती चिठ्ठी आणि एक-दोन लॉक झालेल्या फाईली टाकून कुठल्या जातीचं रॅन्समवेअर आहे आणि त्यावर उतारा आहे का ते कळतं. सभासदांची नावं-गावं असलेली फाईल टाकू नका, एखादं कॅलेंडर नाहीतर फोटो टाका.

आणि त्या पत्त्यावर स्वतःहून एक अक्षर लिहू नका. पैसे देऊन डेटा मिळेलच याची काही खात्री नसते.

खानापूर_अकौंटंट (धागाकर्ता), रात्री १२.४५

ताई, तुमचे उपकार कसे फेडू. डिस्कचा दिवा शांत आहे. शेजारच्या मंगल कार्यालयाच्या मालकांना उठवलं, त्यांनी जनरेटर चालू करून खिडकीतून वायर टाकून दिली, यूपीएसचं ते टुंईं टुंईं थांबलं तेव्हा कुठं जीव जाग्यावर आला. नेटबँकिंग बंद केलं, पैसे जाग्यावर आहेत. सर्ट-इनला मेल गेला १२.२० ला. चिठ्ठीचे मोबाईलवर फोटो काढले.

चेअरमन अजून तयार नाहीत. म्हणतात आपलीच लाज आपण कशाला गावभर करायची.

पुण्यातली_बेळगावकर, रात्री १२.५८

काकांना म्हणावं, नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीचं एम्स असंच बंद पडलं होतं, देशातलं एवढं नावाजलेलं सरकारी हॉस्पिटल, दोन आठवड्यांच्या आसपास केसपेपर हातानं लिहीत होते. जुलै २०२४ च्या अखेरीस देशभरातल्या तीनशेच्या आसपास छोट्या बँकांचं यूपीआय-एटीएम थांबलं, त्यात तर हल्ला बँकांवर नव्हताच, त्यांना सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीवर होता. म्हणून तुमच्या सॉफ्टवेअरवाल्यांना पण विचारा, दुसऱ्या सोसायट्यांत असं झालंय का, आणि त्यांना तुमच्या सर्व्हरवर रिमोटनं यायला वाट कुठली ठेवली होती. मला संशय तिथंच आहे. त्यांच्या पोराला सकाळी एकट्याला सर्व्हरसमोर बसवू नका.

आमच्या ओळखीतली दोन माणसं पहाटे निघू शकतात. फोन नंबर इथं टाकू नका, मला वेगळा निरोप पाठवा. त्यांच्या फीचा कागद आधी मागून घ्या, संचालकांची सही लागेल.

खानापूर_अकौंटंट, शनिवार, रात्री ९.१५

काल ज्यांनी ज्यांनी लिहिलं त्यांना आधी हात जोडून नमस्कार. पहाटे दोनला व्हाइस चेअरमनना घरी जाऊन हा धागा वाचून दाखवला, त्यांनी चेअरमनना समजावलं. पुण्याची माणसं साडेअकराला पोचली. आधी मेमरी उतरवून घेतली, मग डिस्क. लॉगमध्ये (सर्व्हरच्या नोंदींत) दिसलं की रिमोट डेस्कटॉप, म्हणजे लांबून सर्व्हर चालवायची सोय, सरळ इंटरनेटवर उघडा होता, हजारो वेळा पासवर्ड मारून बघितलाय आणि मंगळवारी पहाटे तीनला आत शिरले. पासवर्ड सोसायटीचं नाव आणि १२३. तो मीच ठेवला होता, सॉफ्टवेअरवाल्यांना सोयीचं म्हणून. हे लिहिताना फार वाईट वाटतंय.

सीईएन ठाण्यात तक्रार दिली, अर्ज आमच्या गल्लीतल्या कन्नड शाळेच्या सरांनी लिहून दिला. रॅन्समवेअरवर सध्या उतारा नाही असं कळलं. पण बुधवार रात्रीचा बॅकअप कॅशियर बाईंनी तिजोरीत ठेवला होता, तो दुसऱ्या स्वच्छ मशीनवर तपासला, शाबूत आहे! त्यातला फक्त डेटाबेस घ्यायचा, विंडोज आणि बाकी सगळं नव्यानं. राहिले गुरुवार-शुक्रवार. शुक्रवारची पिग्मी एजंटांच्या मशीनमध्येच आहे, उतरलीच नव्हती ना, गुरुवारची त्यांच्या पावत्यांवरून भरू. बाकीची व्हाउचरं तिन्ही शाखांतून पोत्यात भरून आणलीत. सभासदांना काय झालंय ते खरं सांगणारी नोटीस चेअरमननी स्वतःच्या सहीनं दारावर लावली, सकाळी चाळीसेक माणसं आली, वाचली, पासबुक दाखवून खात्री करून घेतली आणि गेली. दोघांनी ठेव काढली, दिली.

आता शेवटची मदत हवीय. उद्या रविवारी सकाळी आठपासून व्हाउचर एन्ट्री करायची आहे, साधारण अकराशे नोंदी, एकानं वाचायचं आणि एकानं भरायचं अशा चार जोड्या हव्यात, आमचे पाचच जण आहेत. खानापूर, नंदगड, बिडीकडचं कुणी सोसायटीच्या हिशेबाची सवय असलेलं असेल आणि येऊ शकत असेल तर निरोप टाका. येताना पेनड्राईव्ह आणू नका, मोबाईल बाहेर ठेवावे लागतील, पुण्याची माणसं त्या बाबतीत कडक आहेत. जेवणाचं आमच्याकडं.