मिर-३७५ : मेड्युलरी थायरॉइड कॅन्सरचा सूत्रधार, की नुसतं ओळखपत्र?

रिबोझोम (धागाकर्ता)

थायरॉइडच्या शंभर कॅन्सरांत मेड्युलरी दोन-चार, अ‍ॅनाप्लास्टिक (सर्वांत आक्रमक प्रकार) त्याहूनही विरळ. गाठी मूठभर, पण त्यांतल्या नॉन-कोडिंग आरएनएवरचे शोधनिबंध ढीगभर. प्रथिन न बनवणारा हा आरएनए, म्हणजे साधारण २२ अक्षरांचे मायक्रोआरएनए आणि २०० अक्षरांच्या वरचे लांबलचक भाऊबंद, कॅन्सर 'घडवतो' असं त्यांत बिनधास्त लिहिलेलं असतं. मेड्युलरीच्या बाबतीत तरी मला हे पटत नाही. मिर-३७५ हा तिथला सर्वांत गाजलेला मायक्रोआरएनए. तो सूत्रधार नाही, पेशीच्या कुळाची खूण आहे.

मेड्युलरी कॅन्सर सी-पेशींतून, म्हणजे कॅल्सिटोनिन हे संप्रेरक बनवणाऱ्या पेशींतून निघतो. निरोगी थायरॉइडमध्ये या पेशी एक टक्कासुद्धा नसतात, बाकी सगळा कारभार फॉलिक्युलर पेशींचा. आता नेहमीचा प्रयोग बघा: एका नळीत गाठीचा तुकडा, दुसऱ्या नळीत शेजारची 'नॉर्मल' थायरॉइड. यात कॅन्सर विरुद्ध निरोगी अशी तुलना होतच नाही, सी-पेशी विरुद्ध फॉलिक्युलर पेशी अशी होते. मिर-३७५ कित्येक पट वर दिसणारच. हाच मायक्रोआरएनए २००४ साली स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींत सापडला होता, तिथे तो इन्सुलिन सोडण्यावर लगाम ठेवतो. संप्रेरकाच्या पिशव्या भरून ठेवणाऱ्या पेशींत तो असतोच. त्याला आरोपी करायचं, तर कॅल्सिटोनिनलाही पिंजऱ्यात उभं करा.

गाठपारखी

नॉर्मल थायरॉइडबद्दलचा मुद्दा मान्य. पण तेवढ्यावर निकाल देऊ नका. २०११ मध्ये सिडनीच्या गटाने मेड्युलरी गाठींची तुलना मेड्युलरी गाठींशीच केली. ज्यांत मिर-१८३ आणि मिर-३७५ जास्त, त्या रुग्णांत मानेच्या बाजूच्या लसिकाग्रंथींत पसारा, शस्त्रक्रियेनंतर उरलेला आजार आणि मृत्यू हे सगळं जास्त. दोन्हीकडे कूळ एकच असताना फरक पडतो, तर ती नुसती कुळाची खूण कशी?

रिबोझोम

त्यांनी पेशींवर जो प्रयोग केला तो मिर-१८३ दाबून केला, ३७५ नव्हे. दोघांना एका दोरीत बांधू नका.

आणि मिर-३७५ ज्याला दाबतो त्या यादीत वायएपी-१ हे प्रथिन आहे. वायएपी-१ पेशींची वाढ पेटवतो. वाढ पेटवणाऱ्याला दाबणारा रेणू कॅन्सरचा सूत्रधार कसा, हे कुणीतरी समजावून सांगा. फुप्फुसाच्या स्मॉल सेल कॅन्सरातही वायएपी-१ बहुधा विझलेला असतो. म्हणजे पुन्हा न्यूरोएंडोक्राइन (संप्रेरक सोडणाऱ्या) कुळाचाच स्वभाव.

गाठी-गाठींतला फरक म्हणाल, तर आधी अमायलॉइड, म्हणजे पेशींबाहेर साचलेलं प्रथिन, बघा. मेड्युलरीत कॅल्सिटोनिनपासून बनलेला अमायलॉइडचा चिखल कधी भरपूर, कधी नावाला. चिखल आणि तंतू जास्त असलेल्या तुकड्यात सी-पेशी कमी आणि बाकीच्या पेशींचा वाटा जास्त. साहजिकच ३७५ कमी दिसतो. यू-६ ने (मोजणीचा आधार म्हणून वापरला जाणारा छोटा आरएनए) भागून नळीतला एकूण आरएनए जुळतो, पेशींची सरमिसळ जुळत नाही. काचेवरून नेमक्या पेशी खरवडून घ्या, नाहीतर कॅल्सिटोनिनच्या किंवा क्रोमोग्रॅनिनच्या (संप्रेरकाच्या पिशव्यांतलं प्रथिन) एमआरएनएने भागा. त्यानंतरही फरक उरला तर मी गप्प बसतो.

सेंट्रिफ्यूज

तुमचं भांडण तुकड्यांवर चाललंय. प्लाझ्मातला मिर-३७५ मोजून मेड्युलरीचं भाकीत करायचे प्रयत्न झालेत, आणि तिथे घोळ नळीपासूनच सुरू होतो.

रक्त ईडीटीएच्या जांभळ्या नळीत. हेपरिनच्या हिरव्या नळीत घेतलं तर हेपरिन पुढे पीसीआर मारतं. दोन तासांच्या आत पहिलं फिरवणं, साधारण २,००० जी (गुरुत्वाच्या इतक्या पट), १० मिनिटं. वरचा प्लाझ्मा काढताना तळाच्या पांढऱ्या थराच्या अर्धा सेंटिमीटर वरच थांबायचं, शेवटच्या थेंबाचा लोभ नको. मग नव्या नळीत १६,००० जी, पुन्हा १० मिनिटं. हे दुसरं फिरवणं वगळलं की प्लेटलेट उरतात, गोठवल्यावर फुटतात आणि स्वतःचे मायक्रोआरएनए ओततात.

कृत्रिम सीईएल-मिर-३९ नियंत्रण म्हणून टाकायचा तो लायसिस बफर (पेशी-प्रथिनं फोडणारं द्रावण) घातल्यानंतर. आधी टाकला तर प्लाझ्मातली एन्झाइम्स त्याचा क्षणात फडशा पाडतात, आणि आपण म्हणतो 'एक्स्ट्रॅक्शन फसलं'. नॅनोड्रॉप यंत्रावर आरएनएचे नॅनोग्रॅम मोजत बसू नका, प्लाझ्मात आरएनए इतका थोडा असतो की तो आकडा निरर्थक. सगळ्यांचा समान प्लाझ्मा, म्हणजे २०० मायक्रोलिटर, घ्या आणि पुढेही समान आकारमानच वापरा.

सगळ्यात फसवी गोष्ट रक्तपेशी फुटण्याची. मिर-२३ए च्या सीटीतून (पीसीआरच्या कितव्या फेरीत तो दिसला तो आकडा) मिर-४५१ए ची सीटी वजा करा. ५ च्या खाली ठीक, ७ च्या वर गेलं तर नमुना बाद. लोक म्हणतात, '३७५ लाल पेशीत नसतोच, मग कशाला घाबरायचं?' घाबरायचं कारण छेदात बसलंय. बरेच जण मिर-१६ ने भागतात, आणि मिर-१६ लाल पेशींत ठासून भरलेला असतो. नमुना किंचित गुलाबी झाला की छेद फुगतो आणि ३७५ खोटाच खाली येतो. आजार वाढत असताना अहवाल म्हणेल 'उतार आहे'.

ओपीडी-नंतर

सेंट्रिफ्यूज यांची पाककृती चोख आहे. पण एवढा खटाटोप करून रुग्णाच्या हातात काय पडणार? कॅल्सिटोनिन आहेच. शस्त्रक्रियेनंतर ते १५० पिकोग्रॅम प्रति मिलीच्या खाली असेल तर बहुधा मानेची सोनोग्राफी पुरते, वर गेलं की बाकी शरीर धुंडाळायचं. दुप्पट व्हायला सहा महिन्यांपेक्षा कमी वेळ लागला तर एका प्रसिद्ध मालिकेत पाच वर्षं जगणारे २५ टक्केच होते. दोन वर्षांपेक्षा जास्त लागला तर त्या मालिकेत सगळे हयात. या आकड्याच्या शेजारी कुठला मायक्रोआरएनए बसवणार?

औषध ठरतं ते आरईटी जनुकावर. सुमारे चौथा हिस्सा रुग्णांत तो बदल जन्मजात असतो, म्हणून घरच्यांचीही तपासणी करावी लागते. सेल्परकॅटिनिबला अमेरिकेत २०२० मध्ये मंजुरी मिळाली ती आरईटीच्या बदलावर. अ‍ॅनाप्लास्टिकमध्ये बीआरएएफ जनुकातला व्ही-६००-ई बदल असेल तर डाब्राफेनिब आणि ट्रामेटिनिब, २०१८ पासून. तिथे दिवस मोजून जगणं असतं, मायक्रोआरएनएच्या अहवालाची वाट कोण बघणार?

डायसरवाला

इथे सगळे ३७५ भोवती फेर धरून नाचताहेत. मायक्रोआरएनए बिघडल्याने थायरॉइडचा कॅन्सर होतो याचा भक्कम पुरावा वेगळीकडे आहे: डायसर-१ जनुक. त्याचं एन्झाइम केसाच्या काट्यासारख्या दुमडलेल्या आरएनएला कापून मायक्रोआरएनए घडवतं. त्याच्या आरनेज-तीन-बी भागातल्या ठरावीक जागा (१७०५, १७०९, १८१० आणि १८१३ त्यांतल्या) बदलल्या की काट्याची ५पी बाजू सुटून येत नाही, ३पी मात्र येत राहते. लेट-७ हे मायक्रोआरएनएचं कुटुंब ५पी बाजूचं, त्यामुळे ते खल्लास. एक प्रत बहुधा जन्मतःच निकामी, दुसरीवर गाठीत हा नेमका घाव. मुलांमधल्या विरळ 'पुअरली डिफरन्शिएटेड' कॅन्सरात हेच बदल वारंवार सापडतात. लहान वयात अनेक गाठींचं गलगंड, घरात कुणाला फुप्फुसाचा ब्लास्टोमा किंवा अंडाशयाची सर्टोली-लेडिग गाठ असेल तर डायसर-१ तपासायलाच हवं. इथे कारण आणि परिणाम दोन्ही हातात आहेत, नुसता पीसीआरचा आलेख नाही.

रिबोझोम

डायसरवाला, हे शंभर टक्के मान्य. पण तुमचा पुरावा कारखाना बिघडल्याचा आहे. त्यातून एखाद्या सुट्या मायक्रोआरएनएवरचा आरोप सिद्ध होत नाही.

सांगाडा

अ‍ॅनाप्लास्टिकच्या मायक्रोआरएनएबद्दल कुणी नीट बोललं नाही म्हणून. मिर-२०० आणि मिर-३० कुटुंबं बुडाली की पेशी चिकटपणा सोडून पसरू लागतात, हे चित्र मला पटतं, कारण मिर-२०० हा पेशींचा चिकटपणा घालवणाऱ्या झेब-१ या प्रथिनाला दाबतो ही साखळी बाकी अवयवांतही टिकली आहे. मात्र जुना निबंध वाचताना 'साहित्य व पद्धती' आधी उघडा. २००८ मध्ये थायरॉइडच्या पेशीवाणांची (प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेल्या पेशींची) डीएनएवरून झडती झाली तेव्हा ४० पैकी २३ च वेगवेगळे निघाले. अ‍ॅनाप्लास्टिक म्हणून वर्षानुवर्षं वापरलेली एआरओ ही आतड्याच्या कॅन्सरची एचटी-२९ निघाली, डीआरओ मेलानोमाची. एआरओवरचा निष्कर्ष थायरॉइडचा नाहीच.

दुसरा सापळा मॅक्रोफेजचा, म्हणजे गाठीत शिरलेल्या रोगप्रतिकारक पेशींचा. अ‍ॅनाप्लास्टिक गाठीत ते खच्चून असतात. मिर-१५५ आणि मिर-१४६ए वर आले म्हणजे गाठीने काही केलं असं नाही, पाहुण्यांनी आणलेलं असू शकतं. १४६ए आणि १४६बी मध्ये शेपटीकडच्या दोनच अक्षरांचा फरक, ढिला प्रोब (ओळख पटवणारा तुकडा) दोघांना एकच समजतो.

लांब आरएनएवाल्यांनी तर 'स्पंज' नावाचा धंदाच मांडलाय. पेशीत पाच प्रती असलेला आरएनए हजारो प्रतींच्या मायक्रोआरएनएला शोषून संपवतो म्हणे. घागर उलटी करून विहीर आटवण्यातला प्रकार. आधी प्रती मोजा. मॅलॅट-१ हा लांब आरएनए केंद्रकात राहतो, त्याला एसआयआरएनएने (बहुधा केंद्रकाबाहेर काम करणारा छोटा आरएनए) दाबण्यापेक्षा केंद्रकातही पोचणारा गॅपमर वापरा. आणि उंदरातून मॅलॅट-१ पुरता काढून टाकला तरी उंदीर ठणठणीत होता, हेही लक्षात असू द्या.

गाठपारखी

ओपीडी-नंतर, कॅल्सिटोनिन रक्तात वाढतच नाही अशा मेड्युलरी गाठी विरळ पण असतात. सुईच्या नमुन्यात पेशी मोजक्या, कधी फॉलिक्युलरसारख्या दिसणाऱ्या. संशयास्पद गाठींसाठीच्या एका व्यावसायिक चाचणीतल्या मायक्रोआरएनएंत ३७५ आहे, तो याचसाठी.

रिबोझोम

तिथे जरूर घ्या. तिथे प्रश्नच 'ही पेशी कुठल्या कुळातली?' असा आहे आणि ३७५ त्याचंच उत्तर देतो. फक्त तो चढा आला की थेट मेड्युलरी लिहून टाकू नका. फुप्फुस किंवा स्वादुपिंडातून आलेली न्यूरोएंडोक्राइन गाठही तो चढा दाखवेल. सेल ब्लॉक (सुईतल्या पेशींची मेणात बसवलेली वडी) असेल तर कॅल्सिटोनिन आणि सीईए या खुणांचे रंग लावा, नसेल तर सुई धुतलेल्या पाण्यात कॅल्सिटोनिन मोजा.

गाठपारखी

सुई धुतलेलं पाणी फेकून दिल्यावरच सगळ्यांना आठवतं, ही खरी अडचण. आणि भाकिताचा मुद्दा मी अजून सोडलेला नाही. खरवडलेल्या पेशींवरचे आकडे आले की याच धाग्यावर टाकतो.