यंत्रावरचा हात: काय घडले आणि कोणती सवय बदलली? (अनुभव धागा)

ड्रिल मशीन आणि चार इंची चकतीचे, धातू घासायचे-कापायचे ग्राइंडर आता घरोघरी पोहोचले आहेत. कारखान्यात निदान कायदा असतो; नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या कलम २१ ने यंत्राच्या धोकादायक भागांना संरक्षक आवरण बंधनकारक केले होते. घराच्या पडवीत तपासायला कोणी येत नाही. ज्यांच्या हाताला इजा झाली, किंवा ज्यांनी ती जवळून पाहिली, त्यांनी नेमके काय घडले आणि त्यानंतर कामाची पद्धत कशी बदलली ते लिहावे. ‘काळजी घ्यावी’ एवढ्यावर कृपया थांबू नये.

फॅब्रिकेशन, कोल्हापूर
आमच्याकडच्या ग्राइंडरचे बटण पुढे सरकवले की तिथेच अडकून राहते. एकदा काम चालू असताना वीज गेली. कारागिराने बटण मागे न घेता ग्राइंडर बाकावर ठेवला आणि तो ग्रिलचे तुकडे गोळा करू लागला. वीज परत आली तेव्हा ग्राइंडर आपोआप सुरू होऊन बाकावरून उसळला आणि पडणारी वस्तू झेलावी तसा त्याचा हात आपसूक पुढे गेला. तर्जनीची कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) तुटली. ती शस्त्रक्रियेने जोडली गेली, पण ते बोट आजही पूर्ण मिटत नाही. आता आमच्या शेडमध्ये वीज गेली की आधी सगळे प्लग काढले जातात, चहा नंतर.

गार्डबद्दलही, म्हणजे चकतीवरच्या संरक्षक आवरणाबद्दल, लिहितो. गार्ड काढल्याशिवाय चकती कोपऱ्यात पोहोचत नाही, हे धंद्यातले नेहमीचे उत्तर आहे आणि ते अगदीच खोटे नाही. परंतु एका कोपऱ्यासाठी काढलेला गार्ड पुन्हा क्वचितच बसतो आणि मग त्याच उघड्या ग्राइंडरला लाकूड कापायचे दातेरी पाते लावण्याचा मोह होतो. मिनिटाला अकरा हजारांच्या आसपास फेरे घेणाऱ्या पात्याचा दाता लाकडात अडकला, तर यंत्र हातात राहत नाही. लाकडासाठी आम्ही वेगळी सर्क्युलर सॉ घेतली. महाग वाटली, तरी घेतली.

मशीन शॉप, भोसरी
हातमोजे घातले म्हणजे हात सुरक्षित, हा समज पिलर ड्रिलवर, म्हणजे खांबावर बसवलेल्या उभ्या ड्रिलवर, उलटा ठरतो. मोज्याचा एक सुटा धागा फिरत्या ड्रिलभोवती गुंडाळला गेला की मोजा, बोट आणि मनगट त्याच क्रमाने आत ओढले जातात. आमच्याकडे पिलर ड्रिलवर सुती मोजे बंद आहेत, पूर्ण बाह्यांचा शर्टही बंद. कीस ब्रशनेच काढायचा, तोही स्पिंडल (ड्रिल फिरवणारा दांडा) पूर्ण थांबल्यावर. लहान पत्रा हाताने धरायचा नाही, कारण ड्रिल आरपार निघताना अडकतो आणि पत्रा सुरीसारखा फिरतो.

न्यू जर्सी, हौशी सुतारकाम
टेबल सॉवर, म्हणजे मेजातून वर आलेल्या फिरत्या पात्यावर, कापत असलेल्या फळीची चीर पात्यामागे मिटली आणि पात्याने ती फळी उलट माझ्याकडे भिरकावली. अंगठ्याचे हाड मोडले. पात्यामागची पातळ पट्टी, म्हणजे रायव्हिंग नाइफ, त्याचसाठी असते. ती आता मी काढत नाही. अरुंद फळी हाताने नाही, पुश स्टिक नावाच्या काठीनेच ढकलतो. बोट लागताच पाच मिलिसेकंदांच्या आत पाते थांबवणाऱ्या सॉ इथे मिळतात, मात्र फळी उलटी येणे त्यांनीही टळत नाही.

परिचारिका, प्लास्टिक सर्जरी विभाग
तुटलेले बोट लोक बर्फात खुपसून आणतात, तेव्हा फार वाईट वाटते, कारण थेट बर्फाने पेशी गोठून मरतात. ते स्वच्छ, ओलसर कापडात गुंडाळावे, घट्ट बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावे आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवावी. जखमेवर हळद भरू नये. ती धुऊन काढण्यात वेळ जातो. स्वच्छ कापड घट्ट दाबून हात उंच धरावा. सूज चढण्यापूर्वी अंगठ्या काढाव्यात. १९६५ साली जपानमधील नारा येथे कोमात्सु आणि तमाई यांनी पूर्ण तुटलेला अंगठा जोडला होता, त्यामुळे आशा सोडायचे कारण नाही. मात्र प्रत्येक बोट जोडता येतेच असेही नाही.

एक वेगळी इजाही सांगते. एअरलेस स्प्रे गनचा रंग बोटात घुसला तर बाहेर फक्त टाचणीएवढे छिद्र दिसते आणि सुरुवातीला फारसे दुखतही नाही. रंग मात्र उच्च दाबाने तळहातापर्यंत पसरलेला असू शकतो. असा रुग्ण मलमपट्टी करून घरी जाऊ पाहतो; त्याला त्याच दिवशी, शक्य तितक्या लवकर हाताच्या शल्यचिकित्सकाकडे न्यावे आणि कोणता रंग होता हे सांगण्यासाठी डबाही सोबत घ्यावा.