मदत हवी आहे: नंबरचं कुलूप उघडतं, पण कोड बदलता येत नाही

चार आकडी नंबरचं कुलूप आहे. जुना कोड माहीत आहे आणि त्यावर ते व्यवस्थित उघडतं. पण तो कोड आता बऱ्याच जणांना ठाऊक झालाय, म्हणून बदलायचाय. सोबतचा माहितीचा कागद कधीच गहाळ झाला.

अशा कुलपांची नेहमीची पद्धत करून पाहिली: कोड लावून उघडायचं, कडी ९० अंशांत फिरवायची, खाली दाबून धरायची, नवे आकडे लावायचे आणि कडी परत मूळ जागी आणायची. माझ्या कुलपाची कडी फिरते, पण खाली दबतच नाही. जोर लावायची भीती वाटते, कारण आकडे फिरवताना कडी मध्येच सटकली तर भलताच कोड बसायचा. मग ०००० ते ९९९९ असे दहा हजार आकडे लावत बसा!

बॅगेच्या कुलपाला असतं तसं पिनेने दाबायचं बारीक बटण कुठेच दिसत नाही. बाजूला किंवा तळाला किल्लीचं भोकही नाही.

कडी ९० ऐवजी १८० अंशांत फिरवून दाबायची असते का? की कारखान्यातच कायमचा कोड बसवलेलं हे कुलूप आहे? तसं असेल तर ते ओळखायचं कसं? कडीच्या आतल्या टोकाला एक खाच आहे, तिचा याच्याशी काही संबंध?

तेल घाला, हा सल्ला कृपया नको. आकडे अगदी मऊ फिरतात.