'एम्फसिस'ला मराठीत काय म्हणायचं? आणि मुळात हा शब्द आला कुठून?

शब्दफेड: इंग्रजी 'एम्फसिस'साठी कोशात 'भर', 'जोर', 'बल', 'आघात' असं सगळं सापडतं. भाषांतर करताना सगळीकडे 'भर देणे' लावलं की वाक्य सरकारी परिपत्रकासारखं होतं. कुठे कोणता शब्द बसतो? व्युत्पत्तीवरून काही उलगडा होतो का?

तळटीप: मूळ ग्रीक. 'एन्' म्हणजे आत, 'फाइनेइन' म्हणजे दाखवणे, प्रकट करणे. पुढे 'फ' आल्यामुळे 'न'चा 'म' झाला. 'फिनॉमिनन', 'फँटसी', 'फेज' ही याच घरातली. संस्कृत 'भा' (प्रकाशणे) हाही याच मुळाचा, म्हणजे प्रभा, आभा, भानू चुलतभावंडं. उलट आपला 'भर' आला 'भृ'वरून, वाहून नेणे. त्यांचा शब्द उजेडाचा, आपला ओझ्याचा. 'जोर' फारसी.

गंमत अशी की प्राचीन वक्तृत्वशास्त्रात या शब्दाचा अर्थ ठासून सांगणे असा नव्हताच. पहिल्या शतकातला रोमन अलंकारशास्त्री क्विंटिलियन म्हणतो, की शब्द बोलतात त्याहून खोल अर्थ सुचवणं म्हणजे एम्फसिस. त्याचं उदाहरण ग्रीक महाकवी होमरचं: ट्रॉय शहरात शिरण्यासाठी ग्रीक योद्धे लपायला पोकळ लाकडी घोड्यात 'उतरले'. त्या एका क्रियापदातून घोडा केवढा अवाढव्य होता ते कळतं. आपल्याकडे याला व्यंजना म्हटलं असतं. इंग्रजीत शब्द सोळाव्या शतकात आला आणि पुढे आवाजातल्या जोराकडे झुकला.

उकार_वेलांटी: आता वापराचं. धोरण किंवा प्राधान्य असेल तर 'भर' (प्राथमिक शिक्षणावर भर). बोलण्यात 'ठासून', 'आवर्जून', 'जोर देऊन'. भाषाशास्त्रात 'आघात' किंवा 'बलाघात'. 'अधोरेखित करणे' हल्ली कुठेही घुसडतात. लेखी मजकुरापुरतं ठेवलेलं बरं.

पण बहुतेक वेळा प्रतिशब्द लागतच नाही. इंग्रजी जे काम आवाजाने किंवा तिरप्या टायपाने करतं, ते मराठीत 'च' करतो:

अर्ज उद्याच द्या. (आज नको, परवाही नको)
उद्या अर्जच द्या. (नुसतं पत्र चालणार नाही)
उद्या अर्ज द्याच. (टाळू नका)

हा 'च' संस्कृतातला 'आणि' या अर्थाचा 'च' नव्हे. तो प्राकृत 'चिअ', 'च्च' यांच्यामार्फत आला. बाराव्या शतकातला जैन पंडित हेमचंद्र याच्या प्राकृत व्याकरणात ही अव्ययं 'अवधारण' (म्हणजे 'हेच, दुसरं नाही' असा निश्चय) या अर्थाने दिली आहेत. संस्कृतात ते काम 'एव' करतो. ज्ञानेश्वरीत 'तूंचि' आहे. इकार गळला आणि उच्चारही 'चिंच'मधल्या 'चि'कडून 'चमचा'मधल्या 'च'कडे सरकला.

'च' नेहमी विभक्तीच्या नंतर आणि जोडून: पुण्यालाच, घरातच. एका वाक्यात दोन-तीन 'च' टाकले की कशावरच जोर राहत नाही. 'नुकताच', 'लवकरच' यांत तो मुरलेला आहे, तिथे जोर शोधू नका.

शब्दफेड: मग 'तो आलाच नाही' आणि 'तो आला नाहीच' यात फरक?

उकार_वेलांटी: पहिल्यात येण्याचाच पूर्ण नकार, फिरकलाही नाही. दुसऱ्यात नकाराला दुजोरा: वाटलं होतं तसंच झालं.

'च' नको असेल तर पदक्रम बदला. क्रियापदाच्या अगदी आधीच्या जागेवर आपोआप वजन येतं. 'मी उद्या पुण्याला जाणार' यात पुणं, 'पुण्याला मी उद्या जाणार' यात उद्या.

जुळारी: छपाईपुरतं: देवनागरीत तिरपा टाइप टाळा. बऱ्याच फाँटमध्ये खरा तिरपा साचा नसतोच, सॉफ्टवेअर सरळ अक्षरच ढकलून वाकवतं. अधोरेखा उकार, ऋकार आणि खालच्या जोडाक्षरांना कापत जाते. अक्षरांत अंतर वाढवलं तर शिरोरेषा तुटते. ठळक टाइप किंवा एकेरी अवतरण पुरे.

तळटीप: जाता जाता, इंग्रजीत 'एम्फसाइज ऑन' चूक. क्रियापदाला 'ऑन' लागत नाही, नामाला लागतो. आपल्या 'वर भर'मधला 'वर' तिथे डोकावतो, म्हणून ही चूक मराठी माणसाकडून हमखास होते.