सीरिजमध्ये जोडण्याआधी अर्थिंग तपासा

दोन १२ व्होल्टचे सप्लाय सीरिजमध्ये लावून २४ व्होल्ट घ्यायचे आणि सीसी-सीव्ही बक मॉड्यूलने (व्होल्टेज कमी करून करंट आणि व्होल्टेज दोन्ही ठरावीक मर्यादेत ठेवणारं सर्किट) ७ एएच (अँपिअर-तास) क्षमतेची लेड-ॲसिड बॅटरी चार्ज करायची, ही तुमची मांडणी चांगली आहे. फक्त सप्लाय कॉम्प्युटरचे असतील तर थांबा. त्यांची डीसी निगेटिव्ह आतून अर्थला (जमिनीला जाणाऱ्या अर्थिंगच्या वायरला) जोडलेली असते. सीरिजमध्ये लावलेत की एक सप्लाय अर्थमधूनच शॉर्ट होतो. प्लग काढून, मल्टिमीटर बीपच्या (कंटिन्युइटी) रेंजवर ठेवून निगेटिव्ह आणि प्लगची अर्थ पिन एकमेकींना जोडलेल्या आहेत का ते तपासा. बीप वाजला तर ती जोडी नको. अर्थची वायर तोडणं हा उपाय नाही, सप्लायच्या धातूच्या डब्याला हात लागतो आणि अर्थ नसेल तर शॉक बसू शकतो हो!

सेटिंग बॅटरी न लावता करा. आधी मॉड्यूलचं आउटपुट १४.४ व्होल्टवर आणा. मग अ‍ॅमीटर १० अँपिअरच्या रेंजवर ठेवून आउटपुट त्यातून शॉर्ट करा आणि करंटचा स्क्रू ०.७ अँपिअरवर आणा. बॅटरीच्या पॉझिटिव्हला अगदी लागून फ्यूज हवाच. शिवाय मॉड्यूल आणि बॅटरीच्या मध्ये एक शॉट्की डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा, कमी व्होल्ट खाणारा भाग) घाला, नाहीतर लाइट गेल्यावर बॅटरी उलट मॉड्यूलमध्येच रिकामी होत राहते. डायोडवर थोडे व्होल्ट पडतात, म्हणून चार्ज संपत आल्यावर व्होल्टेज बॅटरीच्या टर्मिनलवरच मोजून पुन्हा जुळवा.