पडद्यावरचा ग्रंथपाल नेहमी ‘शू’च का करतो?

गोदाकाठची:
माझी आई परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या वाचनालयात २७ वर्षं ग्रंथपाल होती. परवा भाच्याच्या कॉलेजच्या गॅदरिंगला तिला घेऊन गेले. एकांकिकेत ग्रंथपालबाई आल्या. नाकाच्या शेंड्यावर चष्मा, घट्ट अंबाडा, ओठांवर बोट. पहिल्या ‘शू’लाच सगळा हॉल हसला. आई हसली नाही. रिक्षात बसल्यावर म्हणाली, “एवढंच दिसतं का गं लोकांना?”

मला आलेला राग अजून उतरलेला नाही. हे चित्र तयार होऊन आपल्याकडं आलंय. १९४६ च्या ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ या हॉलिवूडच्या सिनेमात नायक जन्मालाच आला नसता तर त्याच्या बायकोचं काय झालं असतं? तर म्हणे लग्न न झालेली, चष्मा लावणारी ग्रंथपाल! म्हणजे बाईची याहून वाईट गत सुचलीच नाही. अमेरिकेतल्या सिॲटलच्या ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांनी १९९८ मध्ये अख्ख्या शहरानं एकच पुस्तक वाचायचा उपक्रम सुरू केला. २००३ मध्ये त्यांची बाहुली निघाली, आणि बटण दाबलं की ती करते काय, तर बोट ओठांवर नेते.

आई काय करायची ते सांगते. नवं पुस्तक आलं की दाखल नोंदवहीत नंबर, शिक्का, खाकी कव्हर, पाठीवर खळीनं चिकटवलेली चिठ्ठी. पावसाळ्यात रोज कपाटामागं हात घालून वाळवी बघायची. बाजाराच्या दिवशी एक आजी यायची, तिला मुलाचं पत्र वाचून दाखवायची. ‘नुसतं बसायचं काम’ असं चित्र डोक्यात असलं की वाचनालय चालवणाऱ्या समितीला वाटतं, कुणालाही बसवा, काहीही द्या. माझा खरा राग त्यावर आहे.

काळी माती:
ताई, आईंबद्दल आदर आहे, पण खापर सिनेमावर फोडू नका. मी हिंगोलीकडचा. सातवीत असताना वाचनालयात काचेला नाक लावून पुस्तकांची नावं वाचायचो, कारण कपाटाला कुलूप. चिठ्ठीवर नाव लिहून द्यायचं, काका आतून आणणार. कितीदा ऐकलं, “बाहेर गेलंय.” आणि पुस्तक काचेतनं समोर दिसायचं! माझ्या डोक्यातला खडूस ग्रंथपाल कुठल्या पिक्चरमधून आलेला नाही. ग्रंथालयशास्त्र मांडणाऱ्या रंगनाथनांनी १९३१ मध्येच त्या शास्त्राचा पहिला नियम लिहून ठेवला, पुस्तकं वापरासाठी आहेत. आमच्या काकांनी त्याच विषयाची पदविका घेतली होती.

देवघेव विभाग:
मी धाराशिवकडच्या, सरकारी दर्जानुसार ‘ब’ वर्गाच्या वाचनालयात आहे. कुलूप का असतंय ते सांगतो. पडताळणीत पुस्तक कमी भरलं की विचारणा ग्रंथपालालाच. अनुदान येतंय हप्त्यानं, त्यातनंच पगार, पेपरचं बिल, लाईट, नवी पुस्तकं. १९६७ च्या महाराष्ट्राच्या ग्रंथालय कायद्यानं वाचनालयांना मान्यता आणि अनुदान मिळालं, पण वेतनश्रेणी मागता मागता आमच्यातली किती तरी माणसं निवृत्त झाली. भरपाई खिशातनं द्यायची तर माणूस कुलूपच लावणार की ओ.

काळी माती:
तुमचा पगार वाढलाच पाहिजे, त्यासाठी मोर्चा काढा, मी येतो. पण त्याची शिक्षा सातवीतल्या पोरानं का भोगायची? हे मला आजही पटत नाही.

लातूरची अभ्यासिका:
मला तर ‘शू’ पाहिजे. आमच्या अभ्यासिकेत पहाटेपासून पोरं आयोगाच्या परीक्षेला बसल्यासारखी बसलेली असतात, कुणाचा फोन वाजला की पन्नास माना वळतात. शांतता राखणारा माणूस खडूस कसा? सर बाकी वेळी काय करतात तेही बघा. गेल्या आठवड्यात दुष्काळी पट्ट्यातल्या जलसंधारणावर काही आहे का विचारलं, तर खुर्चीवरनं न उठता म्हणाले, तिसरं कपाट, खालून दुसरा खण, हिरव्या बांधणीचं. हे एकांकिकेत कुणी दाखवत नाही.

जुना वर्गणीदार:
आणि वाचनालय म्हणजे शांतता, हेही आपल्याकडं सरसकट खरं नाही. निजामाच्या राज्यात सभा घ्यायची तर गश्ती ५३ (सरकारी परिपत्रक) आडवी यायची, परवानगी लागायची. अशा दिवसांत मराठी माणसं वाचनालयात जमत. वडील सांगायचे, एक जण पेपर मोठ्यानं वाचायचा, बाकीचे ओसरीवर ऐकायचे, मग वाद रंगायचे. तिथं ‘शू’ म्हणायचा तो रस्त्यावर शिपाई दिसला तर.

गोदाकाठची:
काळी माती, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “पोरगं खरं बोलतंय. सुरुवातीची नऊ-दहा वर्षं मीही कुलूप लावायची.” पुढं बालविभागाचं कपाट उघडं केलं, तर पहिल्याच वर्षी ११ पुस्तकं गेली. समितीनं तिच्या मानधनातनं पैसे कापले. घरी आम्हाला हे आजपर्यंत माहीत नव्हतं. मी विचारलं, मग परत कुलूप लावलंस? म्हणाली, “नाही. अकरातली चार दिवाळीच्या सुट्टीनंतर आपसूक खिडकीत येऊन पडली होती.”